नोंद न झालेले भांडवल : हिप-हॉपमधील हस्तकला आणि कविता

न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स या भागात १९७३ च्या उन्हाळ्यात सिंडी कॅम्पबेल नावाच्या एका शाळकरी मुलीने जमाखर्चाचे एक साधे गणित मांडले. शाळा पुन्हा सुरू होण्याचे दिवस जवळ आले होते आणि तिला नवे कपडे हवे होते. सुटीतल्या कामाचे थोडे पैसे साठले होते, पण ते पुरणारे नव्हते. घराजवळच्या फोर्डहॅम रोडवरील दुकानांतला माल सगळ्यांच्याच अंगावर दिसत असे. तिला खरेदी करायची होती ती मॅनहॅटनमधील डिलॅन्सी स्ट्रीटवरून. तेव्हा तिने राहत्या इमारतीतील सभागृह सुमारे पंचवीस डॉलर भाड्याने घेतले, खाण्यापिण्याचे पदार्थ घाऊक भावाने आणले आणि नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. प्रवेशमूल्य मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास सेंट. वडिलांकडे ध्वनिक्षेपणाची सामग्री होती आणि ती वाजवायला थोरला भाऊ क्लाइव्ह घरचाच होता, म्हणून वाजवणाऱ्याचा मोबदला वाचला. राहता राहिला प्रश्न जाहिरातीचा. छपाईचा खर्च परवडण्यासारखा नव्हता. ग्रंथालयात सूचीसाठी वापरतात तशी आखीव कार्डे घेऊन त्यांवर हाताने वळणदार अक्षरांत आमंत्रण लिहिले गेले : ११ ऑगस्ट, रात्री नऊपासून, १५२० सेजविक ॲव्हेन्यू.

त्या रात्री क्लाइव्ह कॅम्पबेल याने एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर लावून गाण्यातला तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवण्याची युक्ती योजली. पुढे तो डीजे कूल हर्क म्हणून विख्यात झाला, आणि जगभर हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख मानली जाते. २०२३ मध्ये त्याचा सुवर्णमहोत्सव मोठ्या थाटाने पार पडला. त्या सोहळ्यांत भावाचे नाव पुष्कळ घेतले गेले, बहिणीचे त्या मानाने कमी. वस्तुतः अंदाजपत्रक तिचे होते, जोखीम तिची होती आणि पहिले हस्तलिखित आमंत्रणही तिच्याच कार्यक्रमाचे होते. संगीताचा इतिहास लिहिणारे सहसा किर्द-खतावणी पाहत नाहीत, त्याचा हा परिणाम असावा.

हिप-हॉप हा शब्द ऐकताच आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती अगदीच अकारण नव्हे. या संगीताच्या मोठ्या बाजारात शिवराळ भाषा, हिंसेचे कौतुक, स्त्रियांविषयी हीन उद्गार आणि सोन्याच्या साखळ्यांचे ओंगळ प्रदर्शन भरपूर आहे. नातवाच्या कानातील यंत्रातून झिरपणारा आवाज ऐकून आजोबा त्रासले, तर त्यांना दोष देता येणार नाही. परंतु या गोंगाटाच्या मागे एक शांत दालन आहे. तिथे कात्री, डिंक, शाई, सुई आणि वही घेऊन बसलेली माणसे दिसतात. आपल्या आवडीपोटी त्यांनी हाताने वस्तू घडवल्या, हाताने कविता लिहिल्या. त्या वस्तूंचे आणि त्या कवितांचे मोल पुढे कोणाच्या खात्यावर जमा झाले, हा प्रश्न व्यापारी कुटुंबांना परका वाटू नये.

हे सारे हातानेच का झाले, याचे उत्तर त्या वस्तीच्या अवस्थेत आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतील एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे तयार करवले आणि जोखमीच्या ठरवलेल्या वस्त्या त्यांवर लाल रंगाने रंगवल्या. गरीब आणि कृष्णवर्णीय लोक राहत तो भाग बहुधा लाल असे. लाल रेषेच्या आत कर्ज मिळणे दुरापास्त. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून पुन्हा कर्ज नाही. तारण पाहून कर्ज द्यावे, हा नियम बँकव्यवसायात योग्यच आहे. मात्र माणसाचे तारण न पाहता त्याच्या वस्तीचा रंग पाहिला गेला, की नियमाचे रूपांतर अन्यायात होते. दक्षिण ब्रॉन्क्सच्या छातीवरून १९४८ ते १९७२ या काळात मोठा द्रुतगती मार्ग नेण्यात आला, हजारो कुटुंबे उठली. सत्तरच्या दशकात तिथे घरांना आगी लागत राहिल्या. काही मालकांनी विम्याच्या रकमेसाठी त्या स्वतःच लाववल्या. १९७५ मध्ये तर शहराच्या तिजोरीतच खडखडाट झाला. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलांकडे विकत घेण्याचा पर्याय फारसा नव्हताच.

जोसेफ सॅडलर हा त्यांतलाच एक. बार्बाडोस बेटावर जन्मलेला, ब्रॉन्क्समध्ये वाढलेला, आणि व्यवसायशिक्षणाच्या शाळेत विजेच्या उपकरणांचे काम शिकलेला. कूल हर्कची युक्ती त्याला भावली, पण एका तबकडीवरून दुसरीवर जाताना ताल तुटतो, हे त्याच्या कानाला खटके. दुसऱ्या तबकडीवरचे गाणे श्रोत्यांना ऐकू जाण्यापूर्वी आपल्याला एकट्याला ऐकता यावे, म्हणून त्याने एक कळ जुळवून ती आपल्या यंत्रावर चक्क डिंकाने चिकटवली. दुसरी अडचण कापडाने सोडवली. फिरत्या चकतीवरील रबरी आच्छादन ध्वनिमुद्रिकेला घट्ट धरून ठेवी. त्याची आई शिवणकाम करणारी. कापडाचे गुणधर्म त्या घराला ठाऊक होते. त्याने नमद्यासारखे जाड लोकरी कापड आणले, त्याला खळ दिली, इस्त्री फिरवून ते कडक केले आणि गोल कापून मुद्रिकेखाली घातले. आता खाली चकती फिरत राही आणि वर हाताने मुद्रिका हवी तिथे थांबवता येई. हा सॅडलर म्हणजेच ग्रँडमास्टर फ्लॅश. आज अशी कापडी चकती कारखान्यांतून तयार होऊन जगभर विकली जाते. तिच्या मुळाशी खळ आणि घरची इस्त्री आहे.

पण हस्तकलेचा खरा बहर दिसला तो कागदावर. कार्यक्रमांची संख्या वाढली, गट वाढले, आणि प्रत्येक कार्यक्रमाची पत्रके वाटली जाऊ लागली. वृत्तपत्रांना या वस्तीत रस नव्हता, रेडिओवर हे संगीत नव्हते. शाळेच्या दारात, रस्त्याच्या वळणावर, दुसऱ्या कार्यक्रमातून बाहेर पडणाऱ्यांच्या हातात पत्रक देणे, एवढीच जाहिरात. ही पत्रके करणाऱ्यांत बडी एस्क्वायर हे नाव सर्वांत मोठे. त्यांना पत्रकांचा राजा म्हणत. आरंभ भिंतींवर नावे रंगवण्यापासून झाला. तो मार्ग सोडून त्यांनी ग्रंथालयातील पुस्तकांवरून अक्षरलेखनाचा अभ्यास केला, गुरूवाचून. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षे त्यांनी शेकडो पत्रके केली.

पत्रक कसे होई, ते पाहण्यासारखे आहे. कोऱ्या कागदावर आधी पेन्सिलीने चौकट आखायची. मुख्य नाव हाताने काढायचे, त्याला छाया द्यायची, कडा धारदार करायच्या. बारीक मजकुरासाठी लेट्रासेटचे ताव मिळत; अक्षरावर घासले की ते कागदावर उतरे. आपल्याकडील छापखान्यांत लग्नपत्रिका आणि कंपन्यांची चिन्हे करणाऱ्या जुन्या कलाकारांना हे ताव चांगले परिचयाचे आहेत. एक अक्षर तिरके बसले की सगळी ओळ वाया जाई आणि तावातला नेमका तोच स्वर संपलेला असे! मग कलावंतांची छायाचित्रे कापून चिकटवायची, मासिकांतील चित्रांचे तुकडे लावायचे, आणि शेवटी ते मूळ पान झेरॉक्सच्या यंत्राखाली ठेवायचे. त्या काळचे यंत्र करडी छटा नीट पकडत नसे. काळे ते काळे आणि पांढरे ते पांढरे. म्हणून मूळ चित्रच ठसठशीत करावे लागे. बडी एस्क्वायर यांनी न्यूयॉर्कमधील जुन्या सिनेमागृहांच्या आणि उंच इमारतींच्या भौमितिक नक्षीतून, तसेच चित्रकथांतून आपली शैली घडवली. किरणांसारख्या फाकणाऱ्या रेषा, पायऱ्यापायऱ्यांच्या चौकटी आणि मध्ये नाव. शाळेच्या व्यायामशाळेतील कार्यक्रमाला त्यामुळे एखाद्या भव्य नाट्यगृहाचा रुबाब येई.

त्यांचे समकालीन फेज टू हेही असेच हाताचे धनी. अक्षरांना फुगीर, मऊ आकार देण्याची भिंतीवरची पद्धत रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि पुढे तेही पत्रकांकडे वळले. दोघांच्या कामांत एक गोष्ट समान आढळते. सजावट कितीही असो, तारीख, वेळ, प्रवेशमूल्य, आणि कोणत्या गाडीने कोणत्या स्थानकावर उतरायचे, हे स्पष्ट लिहिलेले असे. कलावंताने गिऱ्हाइकाला विसरू नये, हे भान त्या पोरवयात होते. त्यातून संसार चालावा अशी मिळकत मात्र नव्हती. कार्यक्रम झाला की पत्रक रस्त्यावर पडे आणि सकाळी झाडूखाली जाई.

ज्यांनी ती जपली, ते बहुतेक हौशी होते; कोणी पलंगाखालच्या खोक्यात, कोणी वहीच्या पानांत. २००७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठाने हिप-हॉपचा संग्रह स्थापन केला आणि ही पत्रके दुर्मिळ हस्तलिखितांच्या शेजारी जाऊन बसली. तापमान नियंत्रित, आम्लरहित कागदाची वेष्टने, प्रत्येकाला क्रमांक. बडी एस्क्वायर २०१४ मध्ये निवर्तले, फेज टू २०१९ मध्ये. आपले काम अभ्यासाचा विषय झालेले दोघांनाही पाहायला मिळाले, एवढे बरे. आमंत्रणाचा कागद हा या कलेचा एकमेव लिखित पुरावा ठरला, कारण पहिल्या सहा वर्षांत या संगीताची ध्वनिमुद्रिका जवळजवळ निघालीच नव्हती. कोण कुठे कधी गायले, हे आज संशोधक ठरवतात ते हाताने चिकटवलेल्या या पानांवरून. व्यापारात ज्याला अस्सल पावती म्हणतात, तीच ही.

पत्रकाला निदान प्रती होत्या. कवितेच्या वहीची प्रत एकच असे, आणि हिप-हॉपच्या पहिल्या मोठ्या व्यापारी यशाच्या मुळाशी अशीच एक उसनी दिलेली वही आहे.

ग्रँडमास्टर काझ हे ब्रॉन्क्समधील शब्दप्रभू. त्यांच्या गटाचे कामकाज पाहणारा हेन्री जॅक्सन हा तरुण शेजारच्या न्यू जर्सी राज्यात पिझ्झाच्या दुकानात काम करी. काम करता करता तो काझ यांच्या ओळी गुणगुणत असताना सिल्विया रॉबिन्सन या ध्वनिमुद्रण-व्यावसायिक बाईंच्या कानी पडला. त्यांनी त्याला गाण्याची संधी देऊ केली. तो स्वतः कवी नव्हता. तो काझ यांच्याकडे आला. काझ यांनी आपली वही पुढे टाकली आणि हवे ते घे म्हणून सांगितले. मैत्रीतला शब्द, कागद नाही, सही नाही, टक्केवारी नाही. १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणे निघाले, लाखोंच्या संख्येने खपले आणि अमेरिकेतील पहिल्या चाळीस गाण्यांत जाऊन बसले. हेन्री जॅक्सन बिग बँक हँक या नावाने कीर्तिमान झाला (नावातील बँकेचा बँकव्यवसायाशी काही संबंध नाही). वहीतल्या ओळी त्याने इतक्या जशाच्या तशा उचलल्या, की काझ यांचे जुने टोपणनावही, एकेक अक्षर सुटे करून सांगितलेले, त्या गाण्यात राहून गेले. मालकाची मोहोर मालावर तशीच, आणि माल दुसऱ्याच्या नावे विकला गेला. आपल्याला त्या गाण्याचे श्रेयही मिळाले नाही आणि पैसेही मिळाले नाहीत, असे काझ यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

ही गोष्ट ऐकून पहिली प्रतिक्रिया हळहळीची होते. थोडा विचार केल्यावर ध्यानात येते, की उदार मनाने वही देणारा आणि ती घेऊन जाणारा, दोघांनाही त्या वहीची किंमत माहीत नव्हती. रस्त्यावर म्हटलेल्या ओळी विकल्या जाऊ शकतात, ही कल्पनाच तोवर तिथे पोचली नव्हती. ती कल्पना ज्यांच्याकडे होती, त्यांनी नफा मिळवला. बाजाराचा हा जुनाच क्रम आहे, तरी काझ यांच्यावर अन्याय झाला ही गोष्ट त्याने पुसली जात नाही.

रॅपच्या रचनेविषयी येथे दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण ही निव्वळ बडबड आहे असा समज सार्वत्रिक आहे. तालाचे चार ठोके म्हणजे एक घर, आणि अशा सोळा घरांचे एक कडवे, हा रूढ साचा. प्रत्येक घराच्या शेवटी यमक हवे. पण जाणता कवी ओळीच्या पोटातही यमके पेरतो, श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवतो, आणि ठोक्याच्या किंचित मागे किंवा पुढे शब्द टाकून ऐकणाऱ्याला चकवतो. दोन कवी समोरासमोर उभे राहून एकमेकांना शब्दांत हरवतात, ते पाहून मराठी माणसाला फडावरील सवाल-जवाब आठवल्याखेरीज राहणार नाही. १९८१ मध्ये हार्लेममध्ये कूल मो डी आणि बिझी बी यांच्यात झालेला असा सामना आजही दाखल्यादाखल सांगितला जातो. आणि हातात काम व ओठांवर छंद, ही जोडी तर आपल्याकडे जात्याइतकी जुनी आहे. ओवी रचणाऱ्या बायांनी ती कधी वहीत लिहिली नाही. दुसऱ्यांनी ऐकून उतरवली तेव्हा ती ग्रंथात आली. तिच्यावर नाव बहुधा कोणाचेच नाही.

टुपाक शकूर यांचे उदाहरण या दृष्टीने पाहावे. गायक म्हणून त्यांचे आयुष्य वादळी होते, तुरुंगवासही झाला, आणि १९९६ मध्ये पंचविसाव्या वर्षी गोळीबारात त्यांचा अंत झाला. तथापि कीर्ती मिळण्यापूर्वी, १९८९ च्या सुमारास, कॅलिफोर्नियात ते एका कविता-कार्यशाळेत नियमित जात. बाल्टिमोरच्या कलाशाळेत शिकलेला हा मुलगा वहीत कविता लिही : आईविषयी, एकटेपणाविषयी, तडा गेलेल्या जमिनीतून उगवणाऱ्या फुलाविषयी. त्या कविता त्यांच्या मृत्यूनंतर १९९९ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. प्रकाशकाने छापील मजकुरासमोर मूळ हस्ताक्षराची प्रतिकृती ठेवली, हे फार योग्य केले. कारण ‘मी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या जागी तो मुलगा डोळ्याचे चित्र काढी, उच्चार एकच. छापील अक्षरांत ती कविता नीट वाचता येते, पण हस्ताक्षरात ती वाचकाकडे पाहते. २०२० मध्ये न्यूयॉर्कमधील एका लिलावात त्यांनी शाळकरी वयात लिहिलेली प्रेमपत्रे ७५,६०० डॉलरला गेली. त्याच लिलावात नटोरियस बी.आय.जी. या गायकाने १९९७ मध्ये छायाचित्रासाठी घातलेला मुकुट ५,९४,७५० डॉलरला विकला गेला. तो छायाचित्रकाराने सहा डॉलरला आणलेला प्लॅस्टिकचा मुकुट होता. हाताने लिहिलेल्या बावीस पत्रांहून प्लॅस्टिक जवळजवळ आठपट महाग! बाजारभाव आणि मूल्य या दोन गोष्टी भिन्न असतात, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. त्याला याहून बोलका दाखला सापडणे कठीण.

मुंबईत हे वारे पोचले ते गल्लीबोळांतून. कुर्ल्याच्या नेझी या तरुणाने २०१४ मध्ये आपले पहिले गाजलेले गाणे आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे चित्रणही त्यावरच केले. पुढच्या वर्षी त्याचे आणि अंधेरीच्या डिव्हाइनचे गाणे गाजले, आणि २०१९ च्या ‘गली बॉय’ चित्रपटाने ही मंडळी घरोघरी पोचवली. त्याच वर्षी ‘स्वदेसी’ या मुंबईतील गटाने आरेच्या जंगलातील वारली पाड्यांचे दुःख मांडणारे गीत केले. त्यात आरेतीलच प्रकाश भोईर यांचा वारली स्वर आहे. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढणाऱ्या समाजाला आपली जमीन, आपले झाड आणि आपले गाणे यांविषयी बोलायला हा नवा छंद उपयोगी पडला. याच गटात धर्मेश परमार हा तरुण ‘तोडफोड’ या नावाने गुजरातीत रॅप करी. आपल्या अनेक कुटुंबांत घरी जी भाषा बोलली जाते, तिचे हे रूप कोणाला सुचले नसते. २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला. न्यूयॉर्कचे उसने रूप घेऊन त्याने सांगितले ते इथलेच होते. म्हणूनच त्याला नक्कल म्हणणे योग्य होणार नाही.

नक्कल हा शब्द निघाला म्हणून त्याचा निवाडा ज्या दुकानात झाला, त्या दुकानाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. कवितेच्या वहीपेक्षा कापडाचा हिशेब आपल्या वाचकांना अधिक जवळचाही वाटेल.

डॅनियल डे यांचा जन्म १९४४ मध्ये हार्लेममध्ये झाला. १९८२ मध्ये त्यांनी तिथल्या १२५ व्या रस्त्यावर ‘डॅपर डॅन्स बुटिक’ उघडले. दुकान चोवीस तास उघडे. आरंभी ते तयार माल विकत, आणि त्यात मुख्य भाग जनावरांच्या केसाळ कातड्यांचा व चामड्याचा होता. आपल्या वाचकांना हा व्यवसाय रुचणार नाही आणि त्याची भलामण येथे करायचीही नाही. सांगायचे आहे ते पुढचे. घाऊक व्यापारी या कृष्णवर्णीय दुकानदाराला माल देण्यास राजी नसत. माल मिळत नाही म्हणून त्यांनी तो स्वतःच तयार करायचे ठरवले. गिऱ्हाईक गुची, लुई व्हिताँ, फेंडी अशा बड्या कंपन्यांच्या चिन्हांवर लुब्ध होते; त्या कंपन्यांच्या बॅगा मिळत, पण चिन्हांनी भरलेला कोट मिळत नसे. डे यांनी त्या कंपनीच्या कपडे ठेवायच्या पिशव्या विकत आणून कापल्या आणि त्यांचे तुकडे कोटांना लावले. पिशव्या पुरेनात. मग त्यांनी पुस्तके वाचून शाईचे रसायन समजून घेतले, जाळीच्या चौकटीतून चामड्यावर छपाई करण्याचे तंत्र स्वतः साधले, आणि सेनेगलहून आलेले कसबी शिंपी कामाला बसवले. प्रत्येक कपडा मापाने, एकेका गिऱ्हाइकासाठी वेगळा. १९८७ मध्ये एरिक बी आणि राकिम या जोडीच्या पहिल्या संग्रहाच्या वेष्टनावर दिसणारे कोट याच दुकानातले. गायक आले, मुष्टियोद्धे आले. रोख मोजणारे अमली पदार्थांचे व्यापारीही आले, आणि दुकानाने त्यांना परत पाठवले नाही. हेही नोंदवायला हवे.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये पहाटे चारच्या सुमारास माइक टायसन आपला कोट घ्यायला त्या दुकानी गेले असता तिथे दुसऱ्या मुष्टियोद्ध्याशी त्यांची मारामारी झाली. वृत्तपत्रांनी ती छापली, दुकानाचे नाव आणि कोटाचे छायाचित्र जगासमोर आले, आणि कंपन्यांचे वकील जागे झाले. छापे पडू लागले, माल आणि यंत्रे जप्त होऊ लागली. फेंडीच्या वतीने आलेल्या वकिलांत एक तरुण वकील होत्या सोनिया सोटोमायोर. पुढे त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाल्या. १९९२ मध्ये दुकानाला कायमचे कुलूप लागले.

कायदा कंपन्यांच्या बाजूने होता, यात शंका नाही. पेढीचे नाव आणि छाप ही पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत असते. ती दुसऱ्याने परवानगीवाचून वापरली तर कोणत्याही व्यापाऱ्याला चीड येईल, आणि ती यायलाच हवी. परंतु छाप कंपनीचा असला तरी कोटाचा बेत, काप, फुगीर बाह्या, रंगसंगती हे सारे डे यांच्या हातचे होते. चिन्हाची नोंदणी होती. हाताची नव्हती. त्यामुळे जप्तीच्या पंचनाम्यात चिन्हाची चोरी दिसली आणि हाताची कारागिरी दिसली नाही.

डे यांनी त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ आडवाटेने, ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी कपडे शिवले. दुकान नाही, पाटी नाही.

२०१७ च्या मे महिन्यात फ्लॉरेन्स येथे गुची कंपनीने नवे कपडे सादर केले. त्यांत एक आखूड कोट होता, भल्यामोठ्या फुगीर बाह्यांवर कंपनीची चिन्हे असलेला. ऑलिंपिक धावपटू डायेन डिक्सन यांनी तो पाहिला आणि ओळखला. १९८९ मध्ये डे यांनी त्यांच्यासाठी जवळजवळ तसाच कोट शिवला होता. फरक एवढाच, की त्यावर चिन्ह दुसऱ्या कंपनीचे होते. त्यांनी जुने आणि नवे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवून ते प्रसृत केले आणि श्रेय ज्याचे त्याला द्या, असे म्हटले. बघता बघता बभ्रा झाला. ज्या माणसाला नक्कल केल्याबद्दल उठवले, त्याची नक्कल आता कंपनीच करत होती. हा आदराचा नमस्कार होता, असा खुलासा कंपनीकडून आला. लोकांचे समाधान झाले नाही. त्याच वर्षी कंपनीने डे यांच्याशी करार केला, आणि २०१८ च्या आरंभी हार्लेममध्ये, लेनॉक्स ॲव्हेन्यूवरील एका जुन्या विटकरी घरात, त्यांची शिवणशाळा पुन्हा सुरू झाली. डे तेव्हा पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

तिथेही कपडे पूर्वीसारखे मापाने, एकेका गिऱ्हाइकासाठी शिवले जाऊ लागले. छपाईची चौकट मात्र लागेना. ज्या चिन्हासाठी एकेकाळी पिशव्या कापाव्या लागल्या होत्या, त्या चिन्हाचे कापड आता कंपनी स्वतःच इटलीहून पाठवू लागली होती.